पीएफसेन्सच्या वॅनवर ‘सगळं आत येऊ द्या’ नियम टाकू नका

पीएफसेन्स फायरवॉल (नेटवर्कमध्ये काय येऊ-जाऊ द्यायचं ते ठरवणारी यंत्रणा) ‘पाच मिनिटांत सेट’ करून देणारा एक मेसेज नेटवर्कवाल्यांच्या ग्रुपमध्ये फिरतोय. तो आता भाच्यापर्यंत पोचलाय आणि त्याच्या हातात एका शाळेचं नेटवर्क आहे, म्हणून गप्प बसवत नाही. मेसेजचं म्हणणं असं: वॅनवर (इंटरनेटकडच्या बाजूला) सगळ्यात वर ‘एनी टू एनी पास’ (कुठूनही कुठेही सगळं जाऊ द्या) टाका, नको ते खाली ब्लॉक करा, आयसीएमपी (पिंग आणि नेटवर्कचे एरर मेसेज नेणारा प्रोटोकॉल) पूर्ण बंद करा, नियम बदलला की रीबूट करा, लॉगिंग (काय सोडलं, काय अडवलं याची नोंद) बंद ठेवा म्हणजे स्पीड वाढेल.

पहिला सल्ला सरळसरळ घातक आहे. इंटरफेसच्या (वॅन, लॅन अशा प्रत्येक जोडणीच्या) टॅबवरचे नियम वरून खाली तपासले जातात आणि पहिला जुळला की तपासणी तिथेच संपते. पीएफसेन्स बनवणाऱ्या नेटगेटच्या अधिकृत डॉक्युमेंटेशनमध्ये हे स्वच्छ लिहिलंय. वर एनी-एनी असेल तर खालच्या ब्लॉकपर्यंत एकही पॅकेट जात नाही. त्या ओळीच्या स्टेट्स (चालू कनेक्शनच्या नोंदी) कॉलममध्ये ०/० तसंच राहतं, म्हणजे त्या नियमाला काहीच जुळलेलं नसतं, बघा. मेसेजमागची ‘शेवटचा नियम चालतो’ ही समजूत कुठून आली तेही कळतं: पीएफसेन्सच्या मुळाशी असलेल्या ‘पीएफ’ या पॅकेट फिल्टरमध्ये नियमाला ‘क्विक’ (जुळला की इथेच थांब) हा शब्द नसेल तर खरंच शेवटचा जुळणारा नियम लागू होतो, आणि पीएफसेन्सच्या फ्लोटिंग (अनेक इंटरफेसना एकत्र लागू शकणाऱ्या नियमांच्या) टॅबवरही तसंच. एवढं मान्य. पण वॅन, लॅनच्या टॅबवरचे नियम ‘क्विक’ लावूनच तयार होतात.

आणि उघडं काय पडतं? फायरवॉलचं स्वतःचं वेब लॉगिन. सुरुवातीचं ॲडमिन / पीएफसेन्स हे युजरनेम-पासवर्ड बदललं नसेल तर विषयच संपला. आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) चालू असेल तर आतली मशीनंही थेट बाहेरून दिसतात, कारण तिथे सहसा नॅटचा (आतले पत्ते बाहेरच्या पत्त्यामागे लपवणाऱ्या बदलाचा) आडोसा नसतो.

लोक एनी-एनीकडे का वळतात? पोर्ट फॉरवर्ड (बाहेरून आलेली मागणी आतल्या सर्व्हरकडे वळवणं) चालत नाही म्हणून. नॅट आधी होतं, नियम नंतर तपासला जातो. त्यामुळे हाताने लिहिलेल्या वॅन नियमात डेस्टिनेशन ‘वॅन ॲड्रेस’ नव्हे, आतल्या सर्व्हरचा आयपी हवा: प्रोटोकॉल टीसीपी, डेस्टिनेशन १९२.१६८.१.२०, पोर्ट ४४३. त्याहून सोपं म्हणजे पोर्ट फॉरवर्ड करतानाच जोडीचा फिल्टर नियम आपोआप बनवायचा पर्याय निवडा. नियम हाताने वर-खाली ओढलात तर आधी सेव्ह, मग ‘ॲप्लाय चेंजेस’. दुसरं बटण राहिलं की बदल कागदावरच.

आयसीएमपी बंद केल्याने सुरक्षितता वाढत नाही, पिंग तेवढं बंद पडतं आणि बिघाड शोधणं अवघड होतं. चालू कनेक्शनशी संबंधित एरर मेसेज स्टेटमुळे तरीही आत येतात, हे नशीब.

रीबूटमागे अर्धं सत्य आहे. नवा ब्लॉक नियम जुन्या कनेक्शनला लागू होत नाही, कारण त्याची नोंद स्टेट टेबलमध्ये आधीच असते. रीबूटने ती पुसली जाते, पण त्यासाठी सगळ्यांचं नेट कशाला तोडायचं? डायग्नॉस्टिक्स > स्टेट्समध्ये त्या एका आयपीने शोधा आणि तेवढ्याच स्टेट्स मारा.

लॉगिंग प्रत्येक पास नियमावर नको, हे ठीक. ब्लॉकचं मात्र चालूच ठेवा. नवा नियम का लागत नाही याचं उत्तर तिथेच सापडतं: कोणत्या इंटरफेसवर, कोणत्या पोर्टवर, कोणत्या नियमाने पॅकेट अडवलं.