नऊ इंचांनी आखूड नवरदेव

सांगलीच्या गावभागातल्या एका वधू-वर सूचक मंडळाची वेबसाइट मी सांभाळते. म्हणजे लोक फॉर्ममध्ये जे भरतात ते सर्व्हरच्या दारात अडवायचं, उलटसुलट तपासायचं आणि मगच डेटाबेसमध्ये घ्यायचं. मंडळ चालवणाऱ्या काकूंचा स्वभाव नेमका उलटा. विश्वास ठेवल्याशिवाय सोयरीक जुळत नाही, असं त्यांचं म्हणणं. माझ्या धंद्यात मात्र आलेला प्रत्येक जण थापा मारतोय असं धरूनच बसावं लागतं.

माझ्या आधी ज्यानं हा फॉर्म बनवला तो आता हिंजवडीत असतो आणि फोन उचलत नाही. त्यानं उंचीचा रकाना दशांश संख्येचा ठेवला होता. कवठेमहांकाळकडच्या एका मुलानं त्यात सरळ मनानं ५.१० लिहिलं. पाच फूट दहा इंच. आता कॉम्प्युटरच्या लेखी ५.१० आणि ५.१ एकच. शेवटचं शून्य त्यानं बिनकामाचं म्हणून टाकून दिलं आणि मुलींच्या घरी यादी गेली ती 'उंची पाच फूट एक इंच' अशी. पाच-चारच्या मुलीकडून अर्थातच नकार आला. मुलाच्या आईचा काकूंना फोन: "आमचा पोरगा दारातनं वाकून येतोय की ओ! बुटका कुठनं झाला?"

हाच घोळ जमिनीत. 'बागायत १.२०' असं कुणी लिहिलं की आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं, एक एकर वीस गुंठे. एकराचे गुंठे ४०, म्हणजे झाली दीड एकर. सर्व्हरनं मात्र ती एक पूर्णांक दोन दशांश एकर धरली, म्हणजे ४८ गुंठे. बारा गुंठे हवेत! बांधाच्या चार बोटांसाठी पिढ्यान्‌पिढ्या कोर्टाची पायरी झिजवणाऱ्या मुलखात, एका टिंबापायी बारा गुंठे. शेवटी मी रकाने फोडले. फूट वेगळे, इंच वेगळे आणि तेही ० ते ११. एकर वेगळे, गुंठे ० ते ३९. काकू म्हणाल्या, "अगं, एवढे रकाने बघून नवरामुलगा पळून जाईल." पळाला नाही, पण एकानं इंचात १२ भरलेच.

नावाची कथा तर न सांगण्यासारखी, म्हणून सांगतेच. हिंजवडीकरांनी नियम लिहिलेला: नावात कुठल्याही लिपीतलं अक्षर चालेल, बाकी काही नाही. वाचायला किती उदार! पण युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या सगळ्या लिप्यांच्या बाराखडीत, काना, मात्रा, वेलांटी, उकार, हलन्त ही अक्षरं नव्हेतच. ती चिन्हं, त्यांचा वर्ग निराळा. त्यामुळे मराठीत नाव भरलं की मदन कदम बिनधास्त आत आणि सुनीता पाटील दाराबाहेर. सांगलीत राहून पाटलांना नाव नोंदवू न देणारी वेबसाइट! एखाद्या निवडणुकीच्या वर्षात हे घडलं असतं तर मला गाव सोडावं लागलं असतं. नियमात चिन्हांचा वर्ग जोडला, तेव्हा कुठे जिल्ह्यातली निम्मी लग्नं मार्गी लागली.

फोन नंबरात निराळी गंमत. तो दहा अंकी आणि पहिला अंक ६ ते ९ यांतला, एवढं सोपं काम. तपासणी दोनदा होते, आधी ब्राउझरमध्ये आणि मग सर्व्हरवर; पण दोघांच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषा वेगळ्या. आमचा सर्व्हर पायथॉनचा. 'अंक असू दे' म्हटलं की तो देवनागरी अंकही आनंदानं घेतो. ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टला मात्र इंग्रजी अंकच अंक वाटतात. जिथं ब्राउझरची तपासणी चालली नाही तिथं एकच माणूस एकाच नंबरावर दोन लिप्यांत दोनदा उपवर झाला.

आणि ब्राउझरची तपासणी न चालायला काही मोठं लागत नाही. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा एक पोरगा पुरतो. मुलाचं वय कायद्यानं २१ लागतं, मुलीचं १८; हे हिंजवडीकरांनी फक्त ब्राउझरमध्येच बघितलेलं. पोरानं ब्राउझरमधलीच डेव्हलपर टूल्स, म्हणजे पानाची आतली यंत्रणा दाखवणारी हत्यारं, उघडली, ती अट पुसली आणि एकोणिसाव्या वर्षी स्थळ म्हणून झळकला. त्याच्या वडिलांचा आवाज मी फोनपासून हातभर लांब बसून ऐकला. वर अपेक्षांच्या रकान्यात त्यानं 'सुशील, गृहकृत्यदक्ष' असलं काही न लिहिता स्क्रिप्ट टॅग टाकलेला, म्हणजे ब्राउझरनं वाचताच चालवावा असा कोड. ते पुसत बसायचं नसतं. जे आलं ते आलं तसं ठेवायचं आणि पानावर दाखवताना एस्केप करायचं, म्हणजे कोडाच्या खास खुणा साध्या मजकुरासारख्या लिहायच्या; मग ब्राउझर ते चालवत नाही, नुसतं छापतो. काकूंनी ते छापलेलं वाचलं आणि विचारलं, "ही कुठली शाखा?"

जन्मतारखेवर तर मी हात टेकले. एकच नाव, एकच जन्मतारीख आली की दुसरी नोंद नाकारायची, असा जुना नियम. इकडे शाळेत नाव घालताना मास्तरांनी अर्ध्या गावाला १ जूनला जन्माला घातलंय. एकाच नावाचे, एकाच वर्षाचे, १ जूनचे दोन पाटील ही काही चोरी नव्हे, तालुका आहे. काकूंच्या सांगण्यावरून आता दोन रकाने आहेत: 'जन्मतारीख, शाळेतली' आणि 'जन्मतारीख, पत्रिकेची'. वय पहिलीवरून मोजायचं आणि गुण दुसरीवरून जुळवायचे.

परवाचा मामला पगाराचा. एकानं लिहिलं, 'पाच आकडी'. सर्व्हरनं नम्रपणे परत पाठवलं: कृपया फक्त अंकात लिहा. त्यानं लिहिलं, '५'. अंक आहे, धन आहे, पूर्णांक आहे; एकही नियम मोडलेला नाही. महिना पाच रुपयांचं स्थळ सगळ्या तपासण्या पार करून थेट यादीत. काकूंनी ते त्याच दिवशी पुढे पाठवलंसुद्धा. "पाच आकडी म्हणायचंय त्याला. कळतं की माणसाला!"

मी म्हटलं, काकू, असं नाही चालायचं, मी पगाराला किमान मर्यादा घालते.

"घाल की," काकू वही ओढत म्हणाल्या, "किमान किती ते तेवढं मला आधी सांग. मुलींच्या आयांना कळवते."