घरातल्या समुद्राला प्लग किती लागतात?

समुद्राला प्लग नसतो. भरती-ओहोटीचं चंद्र बघतो, लाटांचं वारा बघतो, ऊन फुकट पडतं आणि घाण झालीच तर ती पातळ करायला उरलेला समुद्र असतोच. हाच समुद्र २०० लिटरच्या काचेच्या टाकीत भरून बैठकीत मांडायचा म्हटला, की वाऱ्याच्या जागी पंप येतो, उन्हाच्या जागी एलईडी, आणि त्या ‘उरलेल्या समुद्रा’च्या जागेवर एकेक यंत्राची भरती सुरू होते. भिंतीतले प्लगपॉइंट संपतात तेव्हा हौसेची नुसती प्रस्तावना झालेली असते.

नवऱ्याच्या मते मासे पाळायचे म्हणजे पाणी भरायचं, मासे सोडायचे. गोड्या पाण्यात हे जवळपास खरं आहे. पण मला कोरल हवे होते, म्हणजे प्रवाळ. दिसायला फूल, असायला प्राणी, आणि मिजास अशी की पाण्यातला क्षार जरा वरखाली झाला की मिटून बसणार.

आधी वजनाचा प्रश्न. एक लिटर खारं पाणी एक किलोहून किंचित जास्तच भरतं. त्यात काच, दगड, वाळू आणि खालचं स्टँड मिळवा. अशी वस्तू एकदा ठेवली की ती हलवायची नसते. घर तिच्याभोवती हलवायचं असतं. पाणसळ लावून स्टँड समपातळीत आणलं, कारण ते कलतं राहिलं तर ताण काचेच्या सांध्यांवर येतो. सोफा सरकला, टीव्ही आतल्या खोलीत गेला, आणि टीव्हीसमोरची सासूबाईंची खुर्ची जागची न हलता आपोआप टाकीसमोर आली. त्यांनी तक्रार केली नाही. फक्त विचारलं, “आवाज कुठून वाढवायचा?”

मग पाणी. नळाच्या पाण्यात क्लोरीन, फॉस्फेट, सिलिकेट, कधी तांबं. माणसाला चालतं, शैवाल त्यातल्या फॉस्फेटवर पोसतं, आणि तांबं कोळंबी-गोगलगायींच्या जिवावर उठतं. म्हणून ते आरओ-डीआय फिल्टरमधून, म्हणजे पाण्यात विरघळलेलंही गाळणाऱ्या यंत्रातून, काढायचं आणि विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर शून्य दिसेपर्यंत मान्य करायचं नाही. एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन-चार लिटर सांडपाणी निघतं. त्याने घरातली सगळी फरशी पुसून झाली, मग झाडांना पाणी झालं, मग शेजाऱ्यांच्या झाडांना. इतक्या कष्टाने पाण्यातलं सगळं काढून झालं, की विकत आणलेल्या पिशवीतून कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम, स्ट्रॉन्शियम आणि मीठ त्यात परत घालायचं. लिटरला साधारण ३५ ग्रॅम, म्हणजे माझ्या टाकीला सात किलो.

“म्हणजे आधी काढायचं आणि मग घालायचं?” नवरा.

“हो.”

“आणि हे दर वेळी?”

“पाणी बदलताना दर वेळी.”

तो काही बोलला नाही. खारेपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर लागतो. दुर्बिणीसारखा डोळ्याला लावायचा, आत निळी-पांढरी सीमा ३५ वर यायला हवी. पण तो रिफ्रॅक्टोमीटर बरोबर सांगतोय का, हे ठरवायला ३५ चं प्रमाणित द्रावण वेगळं आणावं लागतं. ते द्रावण बरोबर आहे का, हे विचारायचं नवऱ्याने मोठ्या मनाने टाळलं.

यंत्रांची खरी गंमत अशी, की इथे कुठलंही यंत्र एकटं येत नाही. नातेवाईक घेऊन येतं. कोरलच्या अंगात झुझँथेली नावाचं सूक्ष्म शैवाल राहतं आणि ते प्रकाशावर अन्न बनवून यजमानाला भरवतं, म्हणून जोरकस निळसर दिवा हवा. दिव्याने पाणी तापतं, आणि पारा २५-२६ अंशांच्या आसपास राहायला हवा, म्हणून पंखा. पंख्याने पाणी उडतं. पाणी उडतं पण मीठ उडत नाही, त्यामुळे खारेपणा चढतो, म्हणून गोडं पाणी थेंबाथेंबाने भरणारं ऑटो टॉप-ऑफ. त्याला पातळी कळायला तरंगता खटका. आणि त्या खटक्यावर गोगलगाय येऊन बसते. तिच्या वजनाने खटका खाली दबला की यंत्राला वाटतं पाणी कमी झालं, आणि ते बिचारं इमानेइतबारे ओततच राहतं. म्हणून दुसरा खटका, पहिल्यावर नजर ठेवायला, आणि दोघांभोवती जाळी, गोगलगायीवर नजर ठेवायला. एका दिव्यापासून निघून मी जाळीपर्यंत पोचले, आणि अजून हीटरचं नावही काढलेलं नाही. पंख्याने पाणी फार गार झालं तर तोही लागतोच.

टाकीच्या खाली सम्प, म्हणजे दुसरी छोटी टाकी, असतो. हीटर, पाण्यातला मळ काढणारा स्किमर अशी सगळी कुरूप मंडळी तिथे लपवायची. पाणी वरून खाली ओघळतं, रिटर्न पंप ते परत वर चढवतो. दिवे गेले की हाच मार्ग उलटतो: वरचं पाणी रिटर्नच्या नळीतून खाली येऊ लागतं, आणि नळीचं तोंड उघडं पडून आत हवा शिरेपर्यंत थांबत नाही. म्हणून सम्पमध्ये तेवढी जागा मोकळी ठेवायची, आणि दिवे जायची वाट न बघता आपणच प्लग काढून तपासायचं. मी तपासलं. नवरा पोछा घेऊन उभा, सासूबाई पाय वर घेऊन खुर्चीत. सम्प भरत भरत काठाखाली दोन बोटं थांबला. माझा जीव भांड्यात पडला; प्रेक्षकांत मात्र थोडी निराशा जाणवली.

स्किमरबद्दल दोन शब्द लिहिलेच पाहिजेत, कारण तो घरातला सर्वांत मानी सदस्य आहे. तो पाण्यात बारीक बुडबुडे सोडतो, पाण्यातला सेंद्रिय मळ बुडबुड्यांना चिकटून फेसाबरोबर वर चढतो आणि वरच्या भांड्यात साठतो. खाऱ्या पाण्यात बुडबुडे बारीक राहतात म्हणून हे जमतं. तत्त्व सुंदर, पण नवा स्किमर पहिले काही दिवस स्वतःच्याच तंद्रीत असतो. कधी एक थेंब देत नाही, कधी सबंध भांडं भरून उतू जातो. हाताला तेलकट क्रीम लावून कोणी पाण्यात बोट बुडवलं तरी रुसतो आणि फेस बसतो. शेवटी कामाला लागला की जो काळपट द्रव गोळा करतो, त्याचा वास आला की हे आपण मुद्दाम गोळा करतोय यावर पाहुण्यांचा विश्वास बसत नाही.

एवढं झाल्यावर मासे? छे. आता सायकल, म्हणजे माशांना मारक असलेला अमोनिया पचवणारे जिवाणू टाकीत वाढवणं. टाकीत अमोनियाची सोय करायची आणि बसून राहायचं. एक जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. ही कामगिरी जिवाणूंची, हे सर्गेई विनोग्राड्स्की यांनी १८९० च्या सुमारास दाखवून दिलं. पण त्या जिवाणूंना घाई करायला लावायचा खात्रीचा उपाय कोणी दिलेला नाही. चार ते सहा आठवडे लागतात. तोवर बैठकीत निळ्या उजेडात, लाटांसकट, तापमान सांभाळून ठेवलेले दगड.

“छान आहेत,” एक पाहुण्या म्हणाल्या. “पण मासे कुठे आहेत?”

“ती दगड पाळते,” सासूबाई म्हणाल्या.

रोज चाचणी. नळीत पाणी, त्यात मोजून थेंब, हलवायचं, आणि आलेला रंग कार्डावरच्या चौकोनांशी ताडायचा. अमोनिया पिवळ्यापासून हिरव्याकडे, नायट्राइट निळ्यापासून जांभळ्याकडे. माझ्या मते पिवळा. नवऱ्याच्या मते पोपटी. सासूबाई नळी उजेडात धरून म्हणाल्या, “हा आपल्या जुन्या पडद्यांचा रंग.” तो रंग कार्डावर नव्हता. पण निदान अचूक होतं, दोन चौकोनांच्या बरोबर मधलं.

अमोनिया शून्यावर आला आणि टाकी कुरूप झाली. आधी वाळूवर डायटम नावाचं तपकिरी शैवाल, मग दगडांवर केसाळ हिरवं शैवाल, मग सायनोबॅक्टेरिया नावाच्या जिवाणूंचा लालसर बुळबुळीत थर. नव्या टाकीला हा फेरा बहुधा चुकत नाही. नवऱ्याने सुचवलं, “दगड काढून उकळून घे की.” यावर मात्र मी ठाम नाही म्हटलं. काही प्रवाळसदृश जिवांत पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं, आणि असे दगड उकळताना वाफेने माणसं रुग्णालयात पोचली आहेत. त्याने पातेलं जागेवर ठेवलं आणि त्यानंतर बराच काळ कुठलीच सूचना केली नाही, हा पॅलिटॉक्सिनचा एक फायदा.

त्याच सुमाराला रात्रीचा आवाज सुरू झाला. टक्. बराच वेळ शांत. टक्. मी पंप तपासले, नवऱ्याने दाराच्या कड्या. शोध सासूबाईंनी लावला: लाइव्ह रॉकच्या, म्हणजे समुद्री जिवांसकट मिळणाऱ्या दगडाच्या, भोकातून एक जाड नांगी बाहेर आली होती. दगडाबरोबर फुकट आलेली पिस्टल श्रिम्प, एक जातीची कोळंबी. ती नांगी इतक्या वेगाने मिटते की पाण्यात पोकळीचा बुडबुडा तयार होतो, आणि आवाज नांगीचा नव्हे, तो बुडबुडा फुटण्याचा, हे शास्त्रज्ञांनी २००० साली सिद्ध केलं. टाकीतला हा पहिला दिसणारा प्राणी. न बोलावता आलेला, न विचारता राहिलेला, आणि एकही चाचणी न करता ठणठणीत.

शेवटी क्लाउनफिशची जोडी आली. हे मासे आधी नरच असतात. जो वरचढ ठरतो तो मादी होतो, आणि ती गेली तर तिचा नर मादी होतो. सासूबाईंनी हे माझ्याकडून दोनदा समजून घेतलं आणि मग आपल्या मुलाकडे जरा वेळ बघत राहिल्या. समुद्रात या माशांना घर म्हणून समुद्रफूल, म्हणजे सी अ‍ॅनिमोन, लागतं, पण नव्या टाकीत ते टिकत नाही, म्हणून मी आणलं नव्हतं. मादीने सगळी टाकी हिंडून पाहिली. मी तासन् तास रचलेली दगडी कपार पाहिली. अंगठ्याच्या नखाएवढे, गोंदाने चिकटवलेले कोरल पाहिले. आणि वेव्हमेकर, म्हणजे लाटा करणारा पंप, हे आपलं घर, असं ठरवून टाकलं.

वेव्हमेकर अधूनमधून काढून साफ करावा लागतो. ती चावते. दात बारीकच, पण निश्चय आहे. मग आम्ही एक युक्ती काढली: सासूबाई डाव्या काचेवर बोट नाचवतात, मादी तिकडे धावते, नवरा प्लग काढतो, मी उजवीकडून हात घालते. परवा तिने सासूबाईंच्या बोटाकडे पाहिलं, प्लगकडे गेलेल्या नवऱ्याकडे पाहिलं, आणि शांतपणे उजव्या कोपऱ्यात येऊन माझ्या हाताची वाट बघत थांबली.