दोन्हीकडून वरपक्ष

नवा लॅपटॉप आणलात, अभिनंदन. आता जुन्यातलं सगळं नव्यात न्यायचंय ना? मग कुणाला काही विचारू नका. तडक मोबाइल ॲक्सेसरीजच्या दुकानात जा आणि दोन्ही टोकांना सारखीच चपटी पिन असलेली यूएसबी केबल मागा. 'चालेल ना साहेब, न चालायला काय झालं!' दुकानदार म्हणेल. ज्याला ती खपवायची आहे, त्याच्याइतका जाणकार दुसरा कोण?

घरी येऊन दोन्ही लॅपटॉप शेजारीशेजारी ठेवा, केबल खोचा आणि वाट बघा. यूएसबी 1996 साली आलं तेव्हापासून त्यात एक मालक आणि बाकीचे ताबेदार, अशी रीत आहे. माउस, पेनड्राइव्ह जोडल्याजोडल्या डेटाच्या एका तारेवरचं व्होल्टेज वर खेचून 'आलो, मालक' अशी वर्दी देतात, मग मालक त्यांची विचारपूस करतो. तुमच्याकडे दोन्ही टोकांना मालकच. सगळाच वरपक्ष, मुलीकडचं कुणीच नाही. पाय धुवायला तांब्या आणायचा कुणी? दोघेही रुसून बसतात. तुम्ही केबल काढून उलटी लावून बघाच. ती दोन्हीकडून सारखीच आहे, पण तेवढंच समाधान.

शिवाय दोघेही एकमेकांना 5 व्होल्टचा आहेर करायला बघतात. त्यात मानापमान झाला तर एखादा पोर्ट जळतो. मधोमध डबी असलेली केबल मिळते. डबीतली चिप दोन्हीकडे 'मी तुमचीच ताबेदार' म्हणून डेटा इकडचा तिकडे करते. पण ती महाग, शिवाय तिचं सॉफ्टवेअर टाकावं लागतं. सोडा.

त्यापेक्षा पेनड्राइव्ह घ्या. मुंजीचा 6 जीबीचा व्हिडिओ त्यात जाणार नाही, कारण त्याची फाइली ठेवायची पद्धत फॅट32, आणि तिच्यात 4 जीबीच्या वरची फाइल बसत नाही. आत 20 जीबी जागा रिकामी आहे, हे त्याला ओरडून सांगा. मग आतलं सगळं पुसून एक्सफॅट या मोठ्या फाइली चालणाऱ्या पद्धतीत फॉरमॅट मारा. आत भाच्याचं प्रोजेक्ट आहे का, हे बघत बसू नका.

राउटरच्या खोक्यात हातभर लॅन केबल आली होती, आठवते? दिवाळीच्या साफसफाईत फेकलीत ती. दोन लॅपटॉपमध्ये सरळ खोचून, फोल्डर शेअर केलं की काम झालं असतं. अर्थात नव्या लॅपटॉपला लॅनचा पोर्टच नाही, बारीक दिसावा म्हणून काढलाय. त्याचा ॲडॉप्टर त्याच दुकानात मिळेल. दुकानदार आता तुम्हाला ओळखतो.