रायफलचा काळा रंग, कॉस्टिक सोडा आणि एक घातक फॉरवर्ड

‘ॲल्युमिनियमची रायफल घरच्या घरी नव्यासारखी करा’ अशा मथळ्याचा एक मजकूर नेमबाजी शिकणाऱ्या मुलांच्या पालकांमध्ये सध्या व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: एअर रायफलच्या स्टॉकवरचा, म्हणजे खांद्याला टेकवायच्या सांगाड्यावरचा, काळा, निळा किंवा लाल थर हा निव्वळ रंग असतो, कोमट पाण्यात कॉस्टिक सोडा घालून त्याने पुसले की बुडबुडे येतात आणि मळ निघतो, ओरखडे ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासावेत, ओरखडा त्याच दिवशी बुजवला नाही तर ॲल्युमिनियम गंजून जाते, त्यासाठी लोखंडी बॅरल काळे करण्याचे द्रावण किंवा काळा मार्कर वापरावा, आणि रायफलला जोडलेले दाबाखालच्या हवेचे सिलिंडरही याच पद्धतीने साफ करून वरून पावडर कोटिंग (भट्टीत भाजून बसवलेला पावडरीचा रंग) करून घ्यावे. माझी भाची कोल्हापुरात १० मीटर एअर रायफल शिकते. तिच्या आईने, म्हणजे माझ्या ताईने, हा मजकूर मला पाठवून कॉस्टिक किती घालायचे एवढेच विचारले होते. मी भोसरीत ॲनोडायझिंगच्या कामात आहे म्हणून तिने विचारले तरी. बाकीचे पालक कोणाला विचारणार आहेत?

पहिलाच दावा चुकीचा आहे आणि पुढचे सगळे त्यावरच उभे आहे. स्टॉकवरचा तो थर ॲनोडायझिंगचा असतो आणि ॲनोडायझिंग म्हणजे रंग फासणे नव्हे. जॉब, म्हणजे ज्यावर काम करायचे तो भाग, जिगला (पकडून ठेवणाऱ्या सांगाड्याला) लावून सल्फ्युरिक ॲसिडच्या टाकीत सोडतात, त्याला धन टोक जोडून वीजप्रवाह देतात आणि त्या वेळी खुद्द ॲल्युमिनियमच्या पृष्ठभागाचे ऑक्साइडमध्ये रूपांतर होते. या ऑक्साइडला अतिसूक्ष्म छिद्रे असतात, त्यांत रंगद्रव्य शिरते आणि मग उकळत्या पाण्यात किंवा निकेलच्या क्षाराच्या द्रावणात सीलिंग करून ती छिद्रे बंद केली जातात. हा थर किती जाड असतो याची कल्पना भारतीय मानक आयएस १८६८ वरून येते: त्यात एसी ५ पासून एसी २५ पर्यंत दर्जे (ग्रेड) आहेत आणि हे आकडे थराची किमान सरासरी जाडी मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, सांगतात. म्हणजे चांगल्या प्रतीचा थरसुद्धा एका मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाच्या आसपासच असतो. आता पॉलिश पेपरचा सल्ला तपासून पाहावा. पी ४०० पेपरवरच्या कणाचा सरासरी आकार सुमारे ३५ मायक्रॉन असतो, म्हणजे घासणारा कणच अख्ख्या थराहून मोठा आहे. एक ओरखडा घालवण्याच्या नादात आजूबाजूचा सगळा थर जाईल, हे सांगायला यापलीकडे पुराव्याची गरज नाही.

कॉस्टिकच्या मुद्द्यावर मात्र मला थांबायचे आहे. ‘कारखान्यातही कॉस्टिकच वापरतात’ असे त्या मजकुरात ठासून लिहिले आहे आणि हे अर्धे खरे आहे, एवढे मान्य करावे लागते. आम्ही कॉस्टिक वापरतो, पण ते ॲनोडायझिंगच्या आधी धातूचा पृष्ठभाग खाऊन एकसारखा करण्यासाठी, आणि बिघडलेल्या जॉबवरचा जुना थर उतरवून टाकण्यासाठी. ॲल्युमिनियम ऑक्साइड साधारण ४ ते ८.५ या पीएचच्या दरम्यान टिकते. त्यापेक्षा तीव्र आम्लात ते विरघळते आणि कॉस्टिकसारख्या तीव्र अल्कलीतही विरघळते. सीलिंगमुळे ही क्रिया थोडी लांबते, थांबत नाही. जॉब कॉस्टिकच्या टाकीत सोडल्यावर सुरुवातीला फारसे काही दिसत नाही, कारण ऑक्साइड विरघळताना वायू सुटत नाही. मग एखाद्या कडेवर, एखाद्या छिद्राभोवती बारीक बुडबुडे दिसू लागतात आणि पाहता पाहता सगळा जॉब फसफसतो. थर उतरला आणि आता उघडी धातू खाल्ली जात आहे, हे टाकीवरचा माणूस त्यावरूनच ओळखतो. ते बुडबुडे हायड्रोजनचे असतात. जॉब बाहेर काढला की त्यावर करडी-काळी काजळी दिसते. मिश्रधातूतले तांबे, सिलिकॉन, लोह यांसारखे जे घटक कॉस्टिकमध्ये विरघळत नाहीत, त्यांचा तो अवशेष असतो आणि तो काढायला डिस्मटची, म्हणजे काजळी उतरवण्याची, वेगळी टाकी ठेवावी लागते. मजकूर लिहिणाऱ्याने याच बुडबुड्यांना ‘मळ निघतो आहे’ आणि याच काजळीला ‘वर्षानुवर्षांची घाण’ म्हटले आहे. थर नष्ट झाल्याची खूण हा माणूस सफाईची खूण म्हणून लोकांना शिकवतो आहे, आणि तेही चौदा-पंधरा वर्षांची मुले घरात वावरत असताना, डोळ्यांवर चष्मा आणि हातांत मोजे घालण्याबद्दल एक शब्दही न लिहिता. कॉस्टिकचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा कायमचा जाऊ शकतो.

गंजाची भीती निराधार आहे. तांबडा गंज लोखंडाला चढतो. ॲल्युमिनियमवर ओरखडा पडला की उघड्या धातूवर हवेमुळे लगेच ऑक्साइडचा अतिशय पातळ थर आपोआप तयार होतो. घामातल्या मिठाने कालांतराने बारीक खड्डे पडू शकतात, म्हणून गालाचा आणि हाताचा स्पर्श होतो ते भाग सरावानंतर पुसावेत, एवढेच. लोखंड काळे करण्याचे द्रावण ॲनोडाइज केलेल्या भागावर चालत नाही. ॲल्युमिनियमसाठी वेगळे काळे द्रावण मिळते, पण तेही उघड्या धातूवरच चढते आणि त्याने बसणारा काळेपणा ॲनोडायझिंगइतका टिकत नाही. मार्करचा सल्ला तेवढा बरा आहे: बारीक ओरखडा त्याने झाकला जातो, मात्र पुष्कळ मार्करचा काळा रंग उन्हात जांभळट दिसतो आणि स्पिरिटने पुसला की निघून जातो. ओरखड्याला संरक्षण त्यातून काहीही मिळत नाही.

रायफल स्वच्छ करायची तर आधी ती रिकामी असल्याची खात्री करावी, बोल्ट (पेलेट भरण्याचा सरकता भाग) उघडा ठेवावा आणि सेफ्टी फ्लॅग, म्हणजे रायफल रिकामी असल्याचे दाखवणारी रंगीत पट्टी, घालावा. कोमट पाण्यात भांड्यांच्या सौम्य लिक्विडचे दोन-चार थेंब टाकून, मऊ कापड घट्ट पिळून त्याने स्टॉक पुसावा, मग साध्या ओल्या कापडाने आणि शेवटी कोरड्या कापडाने पुसावा. चीकपीसच्या (गाल टेकवायच्या भागाच्या) दांड्या आणि बट प्लेटच्या (खांद्याला टेकणाऱ्या भागाच्या) खाचा यांत साचलेल्या मळासाठी जुना मऊ टूथब्रश पुरतो. चिकट डाग राहिलाच तर आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घेऊन पुसावे, रंगाचा परिणाम आधी न दिसणाऱ्या जागी पाहावा. पेलेट, म्हणजे एअर रायफलचे छर्रे, शिशाचे असतात, त्यामुळे पुसलेले कापड वेगळे ठेवावे आणि मुलांनी हात साबणाने धुवावेत. थर फारच गेला असेल तर भाग सुटा करून पुन्हा ॲनोडायझिंग होऊ शकते. पण जुना थर उतरवताना धातूही थोडी जाते आणि सरकत्या भागांची बैठक सैल होऊ शकते, म्हणून निर्मात्याला विचारल्याशिवाय ते करू नये.

सिलिंडरबद्दलचा सल्ला तर जीवघेणा आहे. मोटारीच्या टायरमध्ये साधारण सव्वादोन बार दाब असतो. या सिलिंडरमध्ये २०० बार असतो, आणि नेमबाज ते गालापासून हातभर अंतरावर धरून उभा असतो. त्याची भिंत कॉस्टिकने किंवा पेपरने पातळ करणे, तिच्यावर खड्डे पाडणे हा वेडेपणा आहे. पावडर कोटिंगची भट्टी साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसवर चालते. ७०७५ आणि ६०६१ हे ॲल्युमिनियमचे मिश्रधातू आहेत. ७०७५ ला ताकद येते ती १२० अंशांच्या आसपास आणि ६०६१ ला १६० ते १८० अंशांना तासन्‌तास ठेवून. त्यानंतर त्याहून जास्त तापवले की ती ताकद उतरू लागते आणि बाहेरून काहीही दिसत नाही. शिवाय सिलिंडरवरची मुदतीची तारीख घासली जाते. सिलिंडर वैध मुदतीतले असणे ही आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार खेळाडूची स्वतःची जबाबदारी आहे.

ज्यांनी सिलिंडरवर हा प्रयोग आधीच केला आहे, त्यांनी ते पुन्हा भरू नये. त्यात हवा असेल तर रायफलच्या माहितीपुस्तिकेत दिलेल्या पद्धतीनेच ती सोडावी, ती पद्धत जमत नसेल तर प्रशिक्षकाकडे द्यावे, आणि रिकामे सिलिंडर त्याच्यावर काय काय केले हे न लपवता निर्मात्याच्या अधिकृत सर्व्हिसकडे पाठवावे. त्यांनी बाद ठरवले तर नवे घ्यावे.