अहिराणी गाण्यातल्या पोरीला कुणी विचारलंय का?

लग्नसराईत धुळे-जळगावकडच्या कुठल्याही हळदीला जा, डीजेवर अहिराणी वाजतेच. आपली बोली यूट्यूबवर कोटींच्या घरात बघितली जाते, याचा मला मनापासून अभिमान आहे. म्हणूनच हे लिहितोय.

ही गाणी एकदा सलग बघा. झुमके, कंबर, लाजणं पोरीच्या वाट्याला. मागे लागणं, रुसवा काढणं, शेवटी मिळवणं पोराच्या. वेगळी गाणी आहेत, पण थोडी. अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने १९७९ च्या पुस्तकात जाहिरातींतले फोटो असेच तपासले होते. बाईचा हात वस्तू धरत नाही, नुसता स्पर्श करतो. तिची मान कललेली, पुरुष तिच्यापेक्षा उंच. आपल्या शेतात, तापीकाठी शूट झालेल्या गाण्यांत मला तीच मान दिसते. आणि आठवी-नववीतली पोरं ती बघून रील बनवतात.

विनोदी व्हिडिओंत लुगडं नेसलेला बाप्या भांडकुदळ सासू होतो. तमाशातल्या नाच्यापासून हे चालत आलंय, म्हणून कुणाला खटकत नाही. पण याच खानदेशात २०२४ च्या विधानसभेला वंचित बहुजन आघाडीने रावेरमधून शमिभा पाटील या तृतीयपंथी कार्यकर्तीला उमेदवारी जाहीर केली. लुगड्यातल्या पुरुषावर हसायला शिकलेली आपली नजर अशा उमेदवाराकडे कशी बघते? मला हा प्रश्न मतांच्या बेरजेपेक्षा मोठा वाटतो.

बायका या सगळ्यात कुठे आहेत? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या साधारण तिघींपैकी एकीनेच कधीतरी इंटरनेट वापरलेलं होतं. आपल्याकडे ज्या वापरतात त्यांचे डीपी बघा: गुलाब, सप्तशृंगी, नाहीतर लेकराचा फोटो. चेहरा टाकला तर स्क्रीनशॉट फिरेल आणि जेठ नवऱ्याला विचारेल, ही भीती खरी आहे. त्याला लाजाळूपणा म्हणू नका.

लिहिता न येणाऱ्या बहिणाबाईंच्या ओव्या त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी जपल्या, म्हणून १९५२ साली त्यांचं पुस्तक निघालं. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. तिथल्या समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हे व्हिडिओ 'टाइमपास' म्हणून सोडून देऊ नयेत. गाणं कुणी लिहिलं, कॅमेरा कुणाच्या हातात होता, नाचणारीला किती पैसे मिळाले, गावात तिला काय ऐकावं लागलं, कमेंट घरात कोण वाचतं, हे सगळं त्या पोरींना समोर बसवून विचारायला हवं. तेही अहिराणीतच, म्हणजे त्या मोकळं बोलतील.

शिरपूर, अमळनेर, नंदुरबारकडे कुणी असं काम करत असेल तर इथे लिहा. अशा गाण्यांत काम केलेल्या ताईंनी सांगितलं तर फारच बरं. नाव टाकायचं नसेल तर मला इनबॉक्स करा.