माइंडसेट लोकल म्हणे!

बर्फ उपसायचं ॲप! नागपुरात! काल कार्यशाळेत मिळालेल्या धंद्यांच्या यादीतला ४३ नंबर. घरासमोरचा बर्फ काढून देणारी माणसं बुक करायची, नफा भरपूर, स्पर्धा कमी. इथे मे महिन्यात पारा ४५ ओलांडतो बे! कोणाच्या दारासमोरचा बर्फ काढू मी, महाल भागातल्या की नंदनवन भागातल्या?

काल रविवार. धरमपेठेतल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये ॲपच्या धंद्याची कार्यशाळा, वेळ सकाळी १० ची, शिकवणारे सर उगवले पावणेबाराला. फी १,४९९ रुपये. तीन महिन्यांपासून नव्या ॲपसाठी निश, म्हणजे ठरावीक गिऱ्हाईकांची एखादी ठरावीक गरज, शोधून राहिलो, झोप उडाली आहे, म्हणून भरली. दोन तास त्यांच्या गाडीचे आणि परदेशातल्या सहलींचे फोटो पाहिले. मग सगळ्यांच्या व्हॉट्सॲपवर एक पीडीएफ पडली: भरघोस नफ्याचे १०० निश. किमती डॉलरमध्ये. १७ नंबरला बंगल्यापुढचं लॉन कापणं, ६१ ला अमेरिकेतल्या पोरांचं शिक्षणाचं कर्ज. कुठली तरी बाहेरची यादी उचलायची, वरचं नाव खोडून आपलं टाकायचं, आणि विकायची. निदान ४३ नंबर तरी काढून टाकायचा होता! तेवढेही कष्ट घेतले नाहीत.

मी हात वर केला. आवाज न चढवता विचारलं, "सर, यातलं इथे पैसे देऊन कोण घेईल?" सर हसले. माझ्याकडे न पाहता हॉलकडे पाहून म्हणाले, "हीच तर अडचण आहे. तुमचा माइंडसेट लोकल आहे." अख्खा हॉल हसला. पुढच्या रांगेतल्या एका पोट्ट्यानं तर टाळी वाजवली.

रात्री दोन वाजेपर्यंत ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. माइंडसेट लोकल! मग काय असावा? मी राहतो इथे, माझी गिऱ्हाईकं इथली, माझ्या ओळखी इथल्या. इथल्या संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते नागपूरच्या नावानं मिळालं. लोकल असणं हा गुन्हा कधीपासून झाला? आणि हे मला कोण सांगतं, तर ज्याला मी दोनदा विचारूनही स्वतःच्या एकाही ॲपचं नाव सांगता आलं नाही तो. ज्याचा धंदाच मुळात आम्हाला निश शोधायला शिकवणं हा आहे! त्यांचा निश आम्ही आहोत, हॉलमधले सत्तर लोक.

मी काय घरात बसून स्वप्नं पाहिली? संत्रा बागायतदारांसाठी बाजारभावाचं ॲप करायचं होतं तेव्हा चार पहाटे कळमना मार्केटला जाऊन उभा राहिलो. तिथं कळलं की माझ्याशी बोलले त्यातल्या बहुतेकांनी फळ झाडावर असतानाच बाग व्यापाऱ्याला देऊन टाकली होती. त्यांना आजचा भाव कळून करायचं काय? आणि ज्याला खरंच भाव हवा त्याला तो ॲगमार्कनेटवर सरकार फुकट दाखवतं. संपलं ॲप. पण ते मला चार पहाटेंत कळलं, कुठल्या पीडीएफमध्ये नव्हतं.

मग कूलर. मार्च लागला की अख्खं शहर माळ्यावरून, गच्चीवरून कूलर उतरवतं. खस बदला, टिल्लू पंप बदला, मोटर घरघर करून राहिली आहे, आणि मिस्त्री फोन उचलत नाही. दरवर्षीचं हेच रडगाणं. मी म्हटलं, हा तर निश समोर चालत आला! दोन महिने घालून ॲप बनवलं: गिऱ्हाईकानं मिस्त्री बुक करायचा, मिस्त्रीनं मला कामामागे थोडे पैसे द्यायचे. एकाही मिस्त्रीनं घेतलं नाही. का घेईल? एप्रिलमध्ये त्याच्या दारात आधीच रांग असते, त्याला माझं गिऱ्हाईक कायले पाहिजे? आणि पाऊस पडला की त्याला गिऱ्हाईक हवं असतं, पण तेव्हा कूलर कोणी लावत नाही. धंदा तीन महिन्यांचा, सर्व्हरचं बिल बारा महिन्यांचं. गरज खरी होती, लोक घामानं भिजत होते, तरीही पैसे देणारा कोणी नव्हता. हे त्या हॉलमध्ये एका माणसानं तरी सांगायचं होतं!

आणि ते कीवर्ड, कीवर्ड. लोक गूगलवर कोणता शब्द किती वेळा शोधतात ते गूगलच्या कीवर्ड प्लॅनरमध्ये बघा म्हणे. बघितलं! जाहिरातींवर पैसे घालत नसाल तर तो नेमका आकडा देत नाही, महिन्याला १ हजार ते १० हजार असं सांगून मोकळा होतो. हजार आणि दहा हजार यांत काही फरक आहे की नाही? गांधीबागेत दुकान घेताना कोणी सांगितलं की दिवसाला शंभर माणसं येतील किंवा हजार, तर घ्याल का ते दुकान?

प्ले स्टोअरचं तर नावच काढू नका. २५ डॉलर भरून खातं उघडलं. नवं वैयक्तिक खातं म्हणून आधी १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यायची. मोजून १२ नातेवाईक जमवले. आतेभावानं नवव्या दिवशी मोबाइलमध्ये जागा नाही म्हणून ॲप उडवलं आणि चाचणीतूनही नाव काढून घेतलं. परत पहिल्या दिवसापासून मोजा! आयफोनवर जायचं तर दरवर्षी ९९ डॉलर, कमाई शून्य असली तरी.

लग्नात भेटणारे वेगळेच. "तू ॲप बनवतो ना? माझ्याकडे एक जबरदस्त आयडिया आहे, सांगत नाही, कोणी चोरेल. फिफ्टी-फिफ्टी करू." काम सगळं माझं, आयडिया तुझी, आणि अर्धे पैसे तुला? आणि सांगितल्यावर निघतं काय, तर जेवण घरपोच देणारं ॲप! आणि "पॅसिव्ह इन्कम", म्हणजे काही न करता येत राहणारी कमाई, हा शब्द माझ्यासमोर यापुढे कोणी उच्चारू नये.

हॉलमधून निघालो तो तडक आमच्या गल्लीतल्या कूलरवाल्याकडे गेलो. भडास काढायलाच गेलो होतो. त्यानं पंप खोलता खोलता ऐकून घेतलं आणि म्हणाला, "गिऱ्हाईक कायले आणून देता भाऊ? हायेत तेच आवरून नाही राह्यले. कोणाच्या कूलरले कोणता पंप कवा लावला हे ध्यानात राहत नाही, अन् लोकं वारंटीसाठी भांडतेत. तेवढं मोबाइलवर करून द्या, सीझनचे पाचशे देतो."

पाचशे! तीन महिन्यांत पहिल्यांदा एका माणसानं स्वतःहून आकडा सांगितला. शहरात असे किती मिस्त्री आहेत ते उद्यापासून दुकानोदुकानी जाऊन मोजणार आहे.

त्या सरांच्या ऑफिसला सकाळी मेल टाकली, पैसे परत करा. उत्तर आलं: फी परत होत नाही, मात्र ४,९९९ च्या पुढच्या कार्यशाळेत तुम्हाला सवलत आहे. मी तिथल्या तिथे परत लिहिलं: ४३ नंबर वाचा आणि माझे १,४९९ रुपये पाठवा. आज संध्याकाळपर्यंत नाही आले तर उद्या कूलरवाल्यांकडे जायच्या आधी तुमच्या दारात उभा राहीन.