अनामिक वाचकाला: हो, गाडीखाली डोकावलोय

अनामिक, नमस्कार.

बुटक्या स्पोर्ट्स कारला खालून संरक्षक पत्रा लावावा, या माझ्या लेखावर तुमचं म्हणणं असं: पत्र्याने हवा अडते, गिअरबॉक्सचं तेल तापतं; सीव्ही जॉइंटचे बूट (चाकं फिरवणाऱ्या दांड्याच्या सांध्यांवरची रबरी आवरणं) तरीही उघडेच राहतात; वजनाचा हिशोब चुकलाय; आणि 'लिहिण्याआधी एकदा तरी गाडीखाली डोकवायचं होतं.'

हिशोब चुकला, मान्य. पोलाद अ‍ॅल्युमिनियमच्या दुप्पट जड, असं मी लिहिलं होतं. घनता ७.८५ आणि २.७, म्हणजे जवळपास तिप्पट. दुरुस्त केलंय.

पण ते 'एकदा तरी'! अहो, १६ वर्षं माझे रविवार गाडीखाली पाठीवर पडून गेलेत. माझ्या जुन्या दोन सीटच्या गाडीचं इंजिन सीटमागे होतं आणि सम्प (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) ओतीव अ‍ॅल्युमिनियमचा. पोलादी पत्र्याच्या सम्पला दगड लागला तर बहुतेक वेळा पोचा येतो, ओतीवाला तडा जातो. हे मी वाचून शिकलो नाही. पुढच्या डंपरमधून पडलेला दगड खाली 'ठण्ण' वाजला, मी दुर्लक्ष केलं. पाच-सात मिनिटांत ऑइलचा दिवा लागला. तिथल्या तिथे इंजिन बंद केलं, म्हणून बेअरिंग वाचली. टॉर्च घेऊन खाली शिरलो तर केसाएवढी चीर, आणि मागे रस्त्यावर तेलाची लांबलचक रेघ. तेव्हा डोकावलो होतो, साहेब. तुम्ही कुठे होता?

मग ४ मिलिमीटरचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा मी स्वतः कापला. ६० बाय ९० सेंटिमीटर, वजन ६ किलोच्या आत. आधी पुठ्ठ्याचा साचा. बोल्टची डोकी पत्र्यात बुडवली, नाहीतर घासून घासून पाना बसेनासा होतो. तेल काढायच्या ड्रेन बोल्टखाली भोक ठेवलं. हे काय खुर्चीत बसून सुचतं?

हवेचं म्हणाल तर गिअरबॉक्सखाली तिरक्या खाचा पाडा, असं लेखात एका ओळीत आहे. दिसली नसेल. आणि बूट... बरं, राहतात उघडे. फाटला की ग्रीस भिरकावलं जातं, कच आत शिरते, जॉइंट वाजू लागतो. म्हणून पत्राच लावायचा नाही, हे कुठलं तर्कशास्त्र? (गेल्या वर्षी माझा उजवा बूट फाटला, पण ते रबर जुनं होतं. तो विषय वेगळा.)

बूटवर स्वतंत्र लेख लिहीनच. तिथे खाली निदान नाव तरी टाका.